मधल्या सुट्टीची वीस मिनिटं

पालकसभेत त्या बाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. अंगावर कंपनीचा निळा कोट तसाच होता, एमआयडीसीतली पहिली पाळी सुटल्यावर त्या थेट शाळेत आल्या होत्या. पुढे फळ्याजवळ 'निरोगी जीवनशैली : शाळेची नियमावली' या कागदाचं वाचन चाललं होतं. डब्यात पोळी-भाजी असलीच पाहिजे. बिस्किटं, फरसाण, नूडल्स चालणार नाहीत. आठवड्यातून दोनदा मोड आलेलं कडधान्य, रोज एक फळ. नको ते सापडलं तर डायरीत शेरा. वाचून झाल्यावर कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर बाई उठल्या. "सर, मला सातच्या आत गेटवर पंचिंग करायला लागतं. पोरीची शाळा अकराची, डबा खाती दोन वाजता. पहाटं पाचला केलेली भाजी उन्हाळ्यात तवर आंबती. मग तुमीच सांगा, काय देऊ?" सभेत थोडी चुळबुळ झाली, मागं कुणीतरी खाकरलं, आणि समोरून 'आपण पुढचा मुद्दा घेऊ या' असं आलं. बाई बसल्या. पिशवीतून रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं आणि सभा संपेपर्यंत मान वर केली नाही.

मी पालक-शिक्षक संघात आहे. तो कच्चा मसुदा दुरुस्त करून पुढच्या सभेत मांडायचं काम ज्यांच्याकडे आलं, त्यांत मीही होते. घरी आल्यावर कागद पुन्हा वाचायला घेतला. हेतूबद्दल शंका घ्यावी असं त्यात काही नव्हतं. ज्यांनी लिहिला त्यांना मुलांची काळजी होती, दुसरीतल्या मुलाच्या हातात रोज कुरकुऱ्यांची पुडी बघून जीव खालीवर होणारी ती माणसं आहेत. पण वाचताना प्रत्येक वाक्याचं बोट कुठं जातंय ते बघत गेले. आईनं हे करावं, आईनं ते देऊ नये, मुलानं हे खाऊ नये, मुलानं मोबाइल बघू नये.

शाळेनं काय करावं, याबद्दल एक ओळही नव्हती.

आमच्या लहानपणी अशी नियमावली कागदावर नव्हती. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत परिपाठ संपला की गुरुजी ओळीतून फिरायचे. हात पुढं, नखं वर. मग केस, मग रुमाल. नखात माती असली की पट्टीची कड बोटांवर बसायची, आणि ती माती सकाळी गोठ्यातलं शेण काढताना गेलेली असायची हे गुरुजींनाही ठाऊक असायचं. त्याच शाळेच्या शेजारच्या खोलीत बालवाडी भरायची आणि तिथली सुकडी शिजायला लागली की तो गोडसर, भाजल्या पिठाचा वास आमच्या वर्गात यायचा. गणितात कुणाचं लक्ष लागायचं नाही. पुढं 1995 साली शालेय पोषण आहार सुरू झाला तेव्हा आधी शिजवलेलं अन्न नव्हतं, 80 टक्के हजेरी असली की महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा. माझा धाकटा भाऊ तेव्हा प्राथमिकला होता. तांदळाची पिशवी खांद्यावर टाकून तो असा रुबाबात घरी यायचा की आजी त्याला 'आलं बघा कमावतं पोर' म्हणून दारातच ओवाळल्यासारखं करायची. तो तांदूळ अख्ख्या घरात शिजायचा, पोराच्या ताटात त्यातला किती यायचा कोण जाणे. म्हणून पुढं शिजवलेलं जेवणच द्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 2001 साली द्यावा लागला. आज प्राथमिकच्या मुलाला त्या जेवणातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. मला त्या आकड्यांचं मोल वाटतं ते यासाठी की ते आकडे सरकारनं स्वतःवर घालून घेतलेले आहेत. मुलाला अमुक इतकं मिळालं पाहिजे आणि ते देणं आमचं काम आहे, असं त्यात म्हटलेलं आहे. डायरीत शेरा मारायची भाषा त्यात नाही. अर्थात, घालून घेतलेलं पाळलं जातंच असंही नाही. 2023 च्या अखेरीस आठवड्यातून एकदा अंडं, आणि न खाणाऱ्याला केळं द्यायचं ठरलं. मुलं बुधवारची वाट बघायला लागली आणि 2025 च्या सुरुवातीला अंड्यासाठीचा सरकारी पैसा थांबला, लोकसहभागातून द्या असं झालं. लोकसहभाग म्हणजे पुन्हा तेच आई-बाप.

मसुद्यावर काही लिहिण्याआधी मधली सुट्टी बघायची म्हणून परवानगी काढून मी पाचवीच्या वर्गाच्या व्हरांड्यात जाऊन बसले. घंटा झाली. पहिल्यांदा दप्तरं धडाधड बाकाखाली गेली. मग हात धुवायला सगळे नळांकडे. नळ चार, त्यातला एक गळका आणि एक बंद. हात धुऊन पहिली पोरं परत येईपर्यंत सुट्टीतला चांगला भाग सरलेला होता. माझ्या समोरच्या खांबाला टेकून एक मुलगी बसली. तिच्या स्टीलच्या गोल डब्याचं झाकण गच्च बसलेलं. तिनं आधी नखं घातली, मग फ्रॉकच्या घेरात धरून पिरगाळलं, मग मैत्रिणीला धरायला लावून दोघींनी दोन बाजूंनी ओढलं. निघालं. आत ज्वारीची भाकरी चतकोर करून ठेवलेली, वर लाल चटणीचा ठिपका आणि कोपऱ्यात घेवड्याची उसळ. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, चावायला लागली. भाकरी चावायला वेळ लागतो, आणि लागलाच पाहिजे. शेजारच्या मुलाकडे क्रीमची बिस्किटं होती. त्याचं खाणं उरकून तो मैदानात पळालासुद्धा. हिचा एक डोळा डब्यात आणि एक मैदानात. दुसरा चतकोर हातात असताना घंटा झाली. तिनं तो तसाच डब्यात दाबला, झाकण लावलं आणि चटणीची बोटं चाटत वर्गात गेली. वीस मिनिटांच्या त्या सुट्टीत हात धुणं, जेवणं, पाणी, लघवी आणि खेळ एवढं सगळं बसवायचं असतं. त्यात बिस्किट जिंकतं आणि भाकरी हरते. आई कितीही चांगला डबा देवो, तो खायला शाळेनं वेळ दिला नाही तर तो संध्याकाळी अर्धा घरी येतो आणि बोलणी पोर खातं.

पाण्याचं तर त्याहून अवघड. मुलींच्या बाटल्या संध्याकाळी भरलेल्याच घरी जातात हे आम्ही सगळ्याच आया जाणतो. विचारलं तर 'तहान लागली नाही' एवढंच उत्तर. खरं कारण स्वच्छतागृह. दाराला कडी नाही, बादली आहे तर पाणी घ्यायचा मग नाही, पाळीच्या दिवसांत तर जायची सोयच नाही. म्हणून सकाळपासून पाणी प्यायचंच नाही, हा मुलींनी आपापसांत ठरवलेला नियम. उन्हाळी लागते, डोकं दुखतं, लघवीच्या जागी जळजळ होते, आणि त्यावर घरात धन्या-जिऱ्याचं पाणी चालू होतं. केरळात 2019 साली शाळांमधून पाणी प्यायची वेगळी घंटा वाजायला लागली. दिवसातून ठरावीक वेळा घंटा होते आणि सगळा वर्ग बाटली तोंडाला लावतो. ती कल्पना मला फार आवडली होती. पण आमच्याकडे ती घंटा वाजवायची तर आधी दाराला कडी बसवावी लागेल.

साताऱ्यात राहून हे सगळं लिहिताना कर्मवीरांची आठवण टाळता येत नाही. भाऊरावांनी 1924 साली इथं वसतिगृह सुरू केलं, 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची, स्वयंपाकाला हात लावायची, शेतात राबायची. आणि बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं, हे इथं घरोघरी सांगितलं जातं. आम्ही शाळेत ही गोष्ट त्यागाची म्हणून शिकलो, डोळे ओले करून शिकलो. आता मुलाची आई म्हणून ती आठवते तेव्हा मला त्यात आणखी एक दिसतं. पोरं आज काय जेवणार हा प्रश्न त्या दोघांनी आपला मानला होता. तो मुलांच्या घरी चिठ्ठी लिहून परत पाठवला नव्हता.

फाटकाबाहेरची गोष्ट वेगळी आणि मला स्वतःला जास्त गोंधळात टाकणारी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमानुसार चरबी, मीठ, साखर भरपूर असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून कुठल्याही दिशेला 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. राज्य सरकारनं 2017 सालीच उपाहारगृहातून चिप्स, शीतपेयं, नूडल्स काढायला सांगितलं होतं. नियम चांगलाच आहे. पण आमच्या जुन्या पेठांमधल्या शाळेच्या फाटकापासून 50 मीटर मोजले तर त्यात दोन किराणा दुकानं, एक झेरॉक्सवाला, एक वडापावची गाडी आणि चार वाड्यांचे दिंडीदरवाजे येतात. वडापाववाल्याची मुलगी याच शाळेत सातवीत आहे. आणि फाटकाला अगदी चिकटून एक आजी बसतात. पाटीत आवळे, बोरं, चिंचा, उन्हाळ्यात कैरीच्या फोडी, मीठ-तिखटाची पुरचुंडी. मसुद्यात 'फाटकाजवळील विक्रेते हटवावेत' असं सरसकट वाक्य होतं, आणि शिपाईमामांना सांगितलं तर ते सगळ्यात आधी कुणाला उठवणार हे सांगायला नको. किराणा दुकानातल्या रंगीत पुड्यांच्या माळा तिथंच लोंबत राहणार आणि आवळे उठणार. मी त्या वाक्यावर अडून बसले. पुड्यांना मनाई लिहा, आणि आजींची पाटी फडक्यानं झाकलेली असावी, बोरं धुतलेली असावीत, त्यासाठी शाळेतून पाणी द्यावं, असं लिहा. वडापाववाल्याचं मात्र मला उत्तर सापडलं नाही. गाडी पलीकडच्या कोपऱ्यावर हलवायला तो तयार झाला. त्याचा धंदा किती बसला हे विचारायला मी अजून गेलेली नाही.

तंबाखूचा मुद्दा मसुद्यात मुलांच्या सवयींखाली होता. आमच्या गावाकडे मी किती बायकांना चुलीपुढं बसून मिसरी भाजताना, लावताना बघितलंय. ठसका लागायचा आणि तरी तो वास आपल्या माणसांचा वाटायचा. आजीच्या बोटावरची काळी मिसरी नातवंडं गंमत म्हणून दाताला लावून बघायची. आणि मला आठवतं, एका गुरुजींसाठी वर्गातला एखादा पोरगा रोज पानपट्टीवर पाठवला जायचा, पुडी आणि चुना आणायला, आणि ते काम मिळालं की त्या पोराची मान ताठ व्हायची. कायदा 2003 पासून आहे, शाळेच्या 100 यार्डांत तंबाखू विकायची नाही. तंबाखूमुक्त शाळेच्या मार्गदर्शक सूचनांत तर त्या अंतरावर पिवळी रेघ ओढायला सांगितली आहे. रेघ ओढावीच. पण त्याखाली आम्ही एक ओळ वाढवली, की आवारात शिक्षक, शिपाई, पालक आणि पाहुणे यांच्यापैकी कुणीही तंबाखू खाणार नाही. त्या ओळीवर सभेत जेवढी शांतता पसरली तेवढी दुसऱ्या कशावरच पसरली नाही.

साखरेबद्दल बोलताना आमच्याकडे जीभ जड होते. उसाचं बिल आलं की पोरांच्या फिया भरल्या जातात, घरावर पत्रे पडतात, लग्नं ठरतात. गळीत हंगामात कारखान्याच्या बाजूनं वारा आला की मळीचा वास घरात येतो आणि कुणी नाक मुरडत नाही. सीबीएसईनं 2025 च्या मे महिन्यात आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. कुठल्या बाटलीत किती साखर आहे हे मुलांना दिसेल असं लिहायचं. त्या परिपत्रकात म्हटलंय की चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींपैकी 13 टक्के साखरेतून येतात आणि अकरा ते अठराच्या मुलांच्या 15 टक्के, जिथं त्या 5 टक्क्यांपर्यंत असाव्यात. आमची शाळा सीबीएसईची नाही, तरी असा फलक लावावा असं मी सुचवलं. एका पालकांनी, स्वतः ऊस लावणाऱ्या, सरळ विचारलं की आमच्याच पोरांना आमचाच माल वाईट म्हणून शिकवणार का. त्यांचा राग मला कळला. मी म्हटलं, दादा, तुमचा ऊस पोरांनी दातानं सोलून खावा, हंगामात गुऱ्हाळावर जाऊन काकवी चाखावी, संक्रांतीला गूळ-शेंगदाणा खावा. आपण बोलतोय ते थंड पेयाच्या बाटलीत विरघळलेल्या साखरेबद्दल आणि वर्गात प्रत्येक वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या चॉकलेटांबद्दल. पन्नास मुलांचा वर्ग, म्हणजे वर्षात जवळजवळ दर आठवड्याला एक वाढदिवस. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, फलक लावा, पण बाटलीचं चित्र काढा, उसाचं नको. फलकावर बाटलीच काढली.

मला सगळ्यात जास्त लागून राहिलंय ते मोठ्या मुलींचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं, त्याच वयाच्या मुलांत ते 31 टक्के. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. नववीच्या वर्गाच्या खिडकीच्या कट्ट्यावर, गजांच्या मागे, मला अशा गोळ्या सापडल्या. दमटपणानं रंग उतरून त्या पांढुरक्या झालेल्या. मुलींना विचारलं तर कळलं की गोळी सकाळच्या तासाला मिळते, आणि ज्या मुली खेड्यांतून मोफत पासवर एसटीनं येतात त्या पहिली गाडी पकडायला चहा ढोसून निघालेल्या असतात. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं, वर्गात ओकारी झाली तर पोरं हसतात, त्यापेक्षा खिडकीत टाकलेली बरी. यात मुलींना रागवावं असं काय आहे? गोळी जेवणानंतर द्यायची, वर लिंबू पिळलेलं काही किंवा एक आवळा द्यायचा, चहा थोडा वेळ टाळायचा, एवढं केलं तर गोळी पोटात राहते आणि अंगीही लागते. एका बाईंनी मुलींबरोबर स्वतः गोळी घ्यायला सुरुवात केली, आणि त्या वर्गाच्या खिडकीत आता काही सापडत नाही.

याच मुली खेळाच्या तासाला पायऱ्यांवर बसून असतात. मुलं क्रिकेट खेळतात, मैदान त्यांचं. मुली एकमेकींच्या वेण्या घालतात, प्रकल्पाच्या वह्या रंगवतात. पाचवी ते आठवीत ज्या लंगडीत कुणाला ऐकत नव्हत्या त्याच या. जागतिक आरोग्य संघटना म्हणते पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं चांगला दम लागेल अशी हालचाल करावी. यांची दिवसाची हालचाल म्हणजे एसटी स्टँड ते शाळा. आपल्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 साली रिओला 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. दुष्काळी रानातली पोर तिथपर्यंत गेली, म्हणून आम्ही चौकात फ्लेक्स लावले. फ्लेक्सखालून शाळेत जाणाऱ्या मुलींना मात्र मैदानाचा अर्धा भाग मिळत नाही. आणि परीक्षा जवळ आली की जो पहिला तास गणिताला दिला जातो तो खेळाचा.

डब्याच्या प्रश्नाचं उत्तर बायकांकडेच होतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं एवढंच. पुढच्या सभेआधी आम्ही काही जणी व्हरांड्यात बसलो, त्या निळ्या कोटातल्या बाईंना मुद्दाम निरोप धाडला. अर्ध्या तासात इतकं निघालं की मी लिहून घेताना दमले. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी, ती दिवसभर मऊ राहते. पाणी न घालता परतलेली कोरडी उसळ, कांदा न घातलेली, म्हणजे वास येत नाही. धपाटे. जवसाची, कारळ्याची, शेंगदाण्याची चटणी आणि तेलाचं बोट. एकीनं सांगितलं की भाजी गरम असताना झाकण लावलं की ती घामेजते आणि आंबते, आधी ताटात पसरून निववायची. बाई ऐकत होत्या, मधेच म्हणाल्या, "निववायला येळ कुठाय ताई? पण दशमी हुईल. रातीच करून ठिवता येती." आणि मग त्यांनीच विचारलं, शाळेत खिचडी शिजती ती आठवीपतुरच का, नववीच्या पोरीची भूक कमी झाली का? त्या प्रश्नाला आमच्या कुणाकडेच उत्तर नव्हतं, तो मी तसाच मसुद्याच्या शेवटी लिहून ठेवला आहे.

नवा कागद दोन पानांचा झाला. पहिलं पान पूर्ण शाळेचं आहे. मधली सुट्टी 35 मिनिटांची आणि त्यातली पहिली वीस फक्त बसून जेवायला, नळ दुरुस्त, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी, पाण्याचा मग आणि कचऱ्याची झाकणाची बादली, खेळाचा तास कुठल्याही विषयाला द्यायचा नाही, गोळी जेवणानंतर. दुसरं पान घराचं आहे आणि त्यात 'शेरा' हा शब्द नाही. डबा आला नाही किंवा नको तसा आला, तर वर्गशिक्षिकेनं आधी एकटीला बाजूला घेऊन विचारायचं की सकाळी काय झालं.

सुट्टी वाढली. त्यासाठी शाळा पंधरा मिनिटं उशिरा सुटते, आणि त्यामुळे पाटणकडच्या काही मुलांची एक गाडी चुकायला लागली आहे, त्याचं आगारात बोलणं चालू आहे. कडी बसली. नळ तीन चालू आहेत. खेळाच्या तासाबद्दलचं वाक्य सभेत टाळ्या घेऊन मंजूर झालं आणि सहामाहीच्या आधी दोन वर्गांचा तास इंग्रजीला गेला. मुलींसाठी मैदानाचा भाग ठरवून द्यायचा विषय 'चर्चेअंती' म्हणून पुढं ढकलला आहे. डिसेंबरात क्रीडास्पर्धा आहेत, त्याच्या आधीच्या सभेत तो पहिला घ्यावा असं पत्र मी दिलंय. त्यावर पाच आयांच्या सह्या आहेत, आणि नववीच्या दोन मुली स्वतः येऊन बोलणार आहेत.